रांग मोजली, अधिकार मोजला नाही

गडचिरोलीतल्या नक्षलवादावर मी वर्तमानपत्रात वर्षानुवर्षं लिहीत आलो. चकमकी, निवडणुका, तेंदूचा हंगाम, आत्मसमर्पण, पुन्हा चकमकी. त्या लिखाणातल्या तारखा आणि आकडे बहुतेक बरोबर आहेत. पण तिथली हिंसा आणि तिथली लोकशाही यांचं नातं सांगताना मी वारंवार चुकलो, आणि त्यातल्या एका चुकीची किंमत दुसऱ्याच माणसाला मोजावी लागली. 15 ऑक्टोबर 2025 रोजी माओवाद्यांचा नेता मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती याने 60 साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली. त्यानंतर 'आता प्रश्न मिटला' असं जो तो म्हणू लागला. मलाही क्षणभर तसंच वाटलं. मग लक्षात आलं, की ही माझीच जुनी चूक आहे. म्हणून त्या चुका एकदा ओळीने मांडतो आहे.

पहिली चूक उमेदीच्या वर्षांतली. पीपल्स वॉर या नक्षलवादी गटाची पहिली दलमं, म्हणजे सशस्त्र पथकं, 1980 साली आंध्रातून नदी ओलांडून सिरोंचाच्या बाजूने आली. त्यांचा पेद्दी शंकर हा कार्यकर्ता त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मोयाबिनपेठा इथे पोलिसांच्या गोळीने मेला. गडचिरोली जिल्हाच मुळी त्यानंतर, 1982 मध्ये झाला. मी लिहायला लागलो तेव्हा दलमं दक्षिणेकडच्या गावांत रुळली होती आणि टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखाली आदिवासी तुरुंगात जात होते. मी तेंदूच्या हंगामात गावोगाव हिंडलो. 70 पानांचा एक पुडा. पहाटे जंगलात जाऊन पानं तोडायची, दुपारी सगळ्या घराने बसून पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मांडायचे. ठेकेदाराचा मुनीम रांगेतून चालत मोजायचा आणि मधले काही पुडे खराब म्हणून बाजूला टाकायचा. बाजूला टाकलेले पुडे नंतर त्याच्याच गोणीत जायचे. बायका ते बघत उभ्या राहायच्या. तक्रार कुणाकडे करायची? आमदार लांब, तहसील लांब, आणि जवळ होता तो फक्त वनखात्याचा बीटगार्ड. नांगराला लाकूड तोडलं म्हणून दंड करणारा आणि कोंबडी घेऊन तो दंड विसरणारा.

दलमने तिथे तोडाई बंद पाडली आणि दर वाढवून घेतला. मुनीम नीट मोजू लागला. मला ते विलक्षण वाटलं. विधानसभेत जे झालं नाही ते फळीवर झालं, असं मी लिहिलं. बंदूक म्हणजे न मिळालेल्या लोकशाहीची जागा भरून काढणारी गोष्ट, असा माझा सिद्धांत तयार झाला आणि पुढे पुष्कळ काळ मी तोच घेऊन फिरलो.

त्या लेखात मी काय गाळलं, हे आज मला स्पष्ट दिसतं. दर वाढला असं ज्याने सांगितलं, त्यानेच ठेकेदार आता दादांनाही, म्हणजे दलमवाल्यांनाही, पैसे देतो हे सांगितलं होतं. बाजूच्या गावच्या पोलीस पाटलाला रात्री उठवून नेल्याचंही त्यानेच सांगितलं होतं. ते मी एका ओळीत उरकलं. खबरी असल्याच्या संशयावरून हत्या, एवढंच. तो माणूस कोण होता, गावात त्याचं काय म्हणणं होतं, त्याला मारायचं कुणी ठरवलं, गावाला कुणी विचारलं होतं का, यातलं काहीच मी विचारलं नाही. दर वाढवणारी बंदूक दिवसाउजेडी दिसत होती, गावाचं तोंड बंद करणारी बंदूक रात्री येत होती, आणि मी फक्त दिवसाचं लिहीत होतो. मुनिमाला जाब विचारायची सोय गावाला मिळाली, पण दलमला जाब विचारायची कुठली सोय होती? तिथे ना मत होतं, ना अपील.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. ही दुसरी चूक, आणि ती जास्त काळ टिकली.

2009 हे साल गडचिरोलीसाठी फार वाईट होतं. फेब्रुवारीत मरकेगावला 15 पोलीस मारले गेले, मे महिन्यात हत्तीगोट्याला 16, आणि 8 ऑक्टोबरला लाहेरीजवळ 17. त्यानंतर पाचच दिवसांनी विधानसभेचं मतदान होतं. माओवाद्यांनी बहिष्काराची पत्रकं टाकली होती. मतदान पथकं हेलिकॉप्टरने उतरत होती, रात्री पोलीस ठाण्यात मुक्काम करून पहाटे बंदोबस्तात केंद्रावर चालत जात होती. दुपारी 3 वाजता मतदान बंद करायचं, म्हणजे उजेड असताना यंत्रं परत आणता येतील. काही गावांची केंद्रं सुरक्षेसाठी दुसऱ्या गावात हलवलेली, त्यामुळे लोक मैलोगणती चालत आलेले. मी त्या रांगा पाहिल्या. पायात चप्पल नाही, कडेवर मूल, हातात मतदार चिठ्ठी. माझा ऊर भरून आला होता, आणि ते खोटं नव्हतं. बंदुकीला मतपेटीने दिलेलं उत्तर, अशा अर्थाचं मी लिहिलं. पुढे दर निवडणुकीत तसंच लिहिलं. 2019 आणि 2024 या दोन्ही लोकसभा निवडणुकांत गडचिरोली-चिमूरमध्ये 70 टक्क्यांहून जास्त मतदान झालं, मोठ्या शहरांना लाजवील इतकं. तो आकडा मी मोठ्या अभिमानाने छापला.

आकडा खरा आहे. जिवावर उदार होऊन मत देणाऱ्या माणसाची ओढही खरी आहे. माझी चूक अशी, की रांग किती लांब आहे हे मी मोजलं, पण त्या मतातून नेमकं काय ठरतं हे कधी तपासलं नाही. ज्या गावाच्या शिवारात नव्वद टक्के जंगल आहे, त्या गावच्या पंचायतीला त्या जंगलाबद्दल एक शब्द ठरवता येत नसेल, तर तिथे निवडून येण्याचा अर्थ काय?

हे काही नवं दुखणं नव्हतं. 1962 साली चांदा मतदारसंघातून लालश्यामशाह महाराज अपक्ष निवडून लोकसभेत गेले आणि मुदत संपायच्या आत राजीनामा देऊन बाहेर पडले. दलम यायच्या किती तरी आधी, निवडून येऊनही आदिवासींचं ऐकलं जात नाही, हे या भागाने पाहिलं होतं. पुढे 1993 मध्ये देशभर नवी पंचायत राज घटनादुरुस्ती लागू झाली, तेव्हा पाचव्या अनुसूचीतले आदिवासी भाग तिच्याबाहेर राहिले. त्यांच्यासाठी ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा आला तो डिसेंबर 1996 मध्ये. महाराष्ट्राने त्याचे नियम केले 2014 मध्ये. कायदा आणि नियम यांत सतरा वर्षांहून जास्त काळ गेला. या काळात मी किती चकमकींच्या बातम्या दिल्या! नियम का होत नाहीत, या प्रश्नावर मात्र एखादा कोरडा परिच्छेद लिहून मी मोकळा झालो. ती बातमी मला हिंसेची बातमी वाटतच नव्हती.

तिसरी चूक सांगायला सगळ्यांत जड जाते.

2012 च्या सुरुवातीला जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या निवडणुका होत्या. त्या सुमारास माओवाद्यांच्या धमक्यांमुळे दक्षिण गडचिरोलीत सरपंच, सदस्य, पदाधिकारी धडाधड राजीनामे देऊ लागले. कित्येक ग्रामपंचायतींत तर पोटनिवडणूक लागली तरी एकही अर्ज येत नसे. मी भामरागडच्या बाजूला एका गावी गेलो. राजीनामा दिलेला एक सदस्य भेटला. चाळिशीतला, सातवीपर्यंत शिकलेला माडिया आदिवासी माणूस. त्याने राजीनाम्याची नक्कल दाखवली. मुलाच्या वहीतलं रेघी पान, त्यावर निळ्या शाईत दोन ओळी आणि खाली 'घरगुती अडचणीमुळे'. तो फार बोलला नाही. पण कोण आलं होतं, काय म्हणाले, हे त्याने तुटक तुटक सांगितलं. मी ते त्याच्या नावागावासकट छापलं. दहशतीपुढे लोकशाहीने शरणागती पत्करली, असं वर मथळ्यात होतं.

नाव छापू का, हे मी त्याला विचारलं नव्हतं. विचारायला हवं हे मला माहीत होतं. नावाशिवाय बातमीला वजन येणार नाही, हा विचार मी वरचढ ठरू दिला. बातमी आल्यावर त्याला आधी पोलिसांनी चौकशीला बोलावलं, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. कोण आलं होतं ते सांग. मग दलमकडून निरोप आला, की पेपरवाल्याशी कशाला बोललास? दोन्हीकडून दाब आल्यावर तो बायकामुलांना घेऊन सासुरवाडीच्या गावी निघून गेला. शेत पडीक राहिलं. हे मला त्या वेळी कळलंच नाही, कारण बातमीनंतर मी त्या गावाकडे फिरकलोच नव्हतो.

बऱ्याच काळाने आलापल्लीच्या बाजारात त्यानेच मला ओळखलं. मी माफी मागितली. तो रागावला नाही, पण समजूतही काढली नाही. म्हणाला, "भाऊ, तुम्ही लिहिलं की लोकशाही शरण गेली. पण माझ्याजवळ होतं काय शरण द्यायला? सदस्य होतो तवा काय होतं माझ्या हातात? घरकुलाची यादी वरून येते. बांबू फॉरेस्टचा. रस्ता कुठून काढायचा ते सायब ठरवते. एकच काम होतं माझ्या हातात, ते मात्र गेलं."

ते काम कोणतं, हे तेव्हा कळलं. तो गावाचा सामूहिक वनहक्काचा दावा तयार करत होता. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली गावाला आपल्या पारंपरिक हद्दीतल्या जंगलावर हक्क मागता येतो. त्यासाठी म्हाताऱ्यांना घेऊन त्याने शीव फिरून पाहिली होती, देवाची जागा, मोहाची झाडं, जुन्या वस्तीच्या खुणा कागदावर उतरवल्या होत्या. नकाशा अर्धा झाला होता. तो गाव सोडून गेला आणि ते कागद कुणाच्या तरी घरी आढ्याला टांगून राहिले. मी त्याच्या घरी बसलो होतो तेव्हा तो नकाशा बहुधा त्याच घरात होता. मी फक्त राजीनामा मागितला.

माझा सगळा हिशेब इथे ढासळला. मी आधी म्हणत होतो, की लोकशाही अपुरी म्हणून बंदूक येते. मग म्हणू लागलो, की बंदूक आहे म्हणून लोकशाही अपुरी राहते. या माणसाने मला दाखवलं, की दोन्ही एकमेकांना पोसतात आणि दोघांचा मारा एकाच माणसावर होतो. जो उभा राहून गावाची सत्ता वाढवू पाहतो, त्याच्यावर. हक्क मागणारा माणूस वनखात्याला अडचणीचा असतो, पोलिसांना संशयित वाटतो, आणि माओवाद्यांना तर तो सगळ्यांत नकोसा, कारण कायद्याने जंगल मिळतं हे गावाला पटलं तर दलमची गरज काय? सरकार म्हणतं, हिंसा आहे तोवर इथे जादा अधिकार देणं धोक्याचं. माओवादी म्हणतात, अधिकार मिळतच नाहीत, बघा. दोघांनाही एकमेकांचा पुरावा लागतो.

याच काळात धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाने वेगळं काही करून दाखवलं होतं, आणि त्याबद्दलही मी चुकीचं लिहिलं. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्या गावाची घोषणा महाराष्ट्रभर पोचली आहे. देवाजी तोफा आणि गावकरी, सोबत मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे अभ्यासक मित्र. सगळ्यांच्या सहमतीशिवाय निर्णय नाही, अशी ग्रामसभा त्यांनी अनेक वर्षं घडवली. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर त्यांचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरी बांबू विकायचा तर वाहतुकीचा परवाना वनखात्याकडेच. वनहक्क कायदा बांबूला गौण वनउपज म्हणतो, 1927 चा वन कायदा त्याला 2017 पर्यंत झाडांत मोजत होता, आणि खातं जुन्या कायद्याला चिकटून बसलेलं. शेवटी 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी स्वतः गावात येऊन परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. एका परवाना-पुस्तकासाठी केंद्रीय मंत्र्याला गावात यावं लागलं, यावरून अधिकाराची गाठ किती घट्ट होती ते कळतं.

मी यावर 'आदर्श गाव' म्हणून पुरवणीचा लेख लिहिला. चांगली माणसं, चांगलं गाव, सुंदर छायाचित्रं. नक्षलवादाच्या बातम्या पहिल्या पानावर आणि मेंढा पुरवणीत. या दोन गोष्टी एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत, हे मी वाचकाला सांगितलंच नाही. मतदानाच्या टक्क्यापेक्षा ते परवान्याचं पुस्तक बंदुकीला दिलेलं जास्त खरं उत्तर होतं.

नंतर ते कळल्यावर मी पुन्हा घाई केली. ग्रामसभा बळकट झाली की हिंसा आपोआप ओसरते, असं सरसकट सांगू लागलो. कोरची, धानोऱ्याकडच्या ग्रामसभा स्वतः तेंदूचे लिलाव करू लागल्या, मजूर बायकांच्या खात्यात थेट पैसे येऊ लागले, हे सगळं खरं. पण पैसा आला तिथे खंडणीची मागणीही आली, आणि ग्रामसभांचा पैसा माओवाद्यांकडे जातो असा पोलिसांचा संशयही आला. ग्रामसभेचा अध्यक्ष पुन्हा त्याच जुन्या कात्रीत.

माझ्या सोप्या समजुतीला शेवटचा धक्का कोलंबियाचा इतिहास वाचताना बसला. तिथे 1958 ते 1974 या काळात दोन मोठ्या पक्षांनी सत्ता आपसात वाटून घेतली होती. राष्ट्राध्यक्षपद आलटून पालटून, कायदेमंडळाच्या जागा निम्म्या-निम्म्या. निवडणुका होत होत्या, पण तिसऱ्याला वाव नव्हता, आणि फार्कसारख्या गनिमी संघटना त्याच काळात उभ्या राहिल्या. इथवर माझा सिद्धांत बरोबर ठरतो. पण पुढे दार उघडलं तेव्हा काय झालं? 1985 मध्ये शांतता वाटाघाटींतून युनियन पॅट्रिओटिका हा पक्ष निघाला, 1988 मध्ये महापौर थेट लोकांनी निवडायला सुरुवात झाली, आणि या पक्षाची माणसं निवडून येऊ लागताच त्यांना टिपून मारण्यात आलं. राष्ट्राध्यक्षपदाचे दोन उमेदवार आणि हजारो कार्यकर्ते. मारणाऱ्यांत निमलष्करी टोळ्या होत्या आणि सरकारी यंत्रणेतली माणसंही. ज्यांनी बंदूक सोडून मत मागितलं ते मेले, आणि जंगलात राहिलेल्यांना आपलंच खरं होतं म्हणायला जागा मिळाली. फार्कशी करार व्हायला 2016 उजाडलं. अर्धवट उघडलेल्या दारातून आत येणाऱ्याचं रक्षण झालं नाही, तर ते दार बंद असल्यापेक्षा जास्त माणसं मारतं. आढ्याला टांगलेल्या त्या नकाशाचा अर्थ मला या इतक्या लांबच्या देशाने समजावला.

म्हणून आज, शस्त्रं खाली ठेवली जात असताना, मला आनंद आहे आणि धास्तीही. आनंद खराखुरा आहे. लाहेरीत मेलेल्या पोलिसांच्या घरी मी गेलो आहे, चकमकीत मेलेल्या माडिया पोरांच्या घरीही गेलो आहे. 2018 च्या एप्रिलमध्ये गडचिरोलीतल्या चकमकींत 40 जण मारले गेले, त्यांत कित्येक पोरवयाचे होते. ते थांबत असेल तर त्याहून मोठी गोष्ट नाही. पण बंदूक गेल्यावर तरी गावाच्या हातात काय आलं, हा प्रश्न विचारायला आता कुठलीच सबब उरलेली नाही.

सूरजागडचंच बघा. एटापल्ली तालुक्यातला हा डोंगर लोखंडाचा, आणि तिथल्या माडियांच्या देवाचाही. डिसेंबर 2016 मध्ये माओवाद्यांनी तिथे सत्तरहून अधिक वाहनं जाळली. त्या बातमीत मी धूर, वाहनं, नुकसान सगळं लिहिलं, पण भोवतालच्या ग्रामसभांनी खाणीबद्दल काय ठराव केले होते ते लिहिलं नाही. जाळपोळीने त्या ठरावांचा आवाजच दाबून टाकला, आणि माझ्या बातमीने त्याला हातभार लावला. आज खाण जोरात चालू आहे. तिच्या विस्ताराची लोकसुनावणी शंभराहून अधिक किलोमीटरवर, गडचिरोलीत झाली. ज्यांच्या डोंगराबद्दल सुनावणी, त्यांनीच रोजी बुडवून, गाडी धरून, पोलीस बंदोबस्तातून तिथवर जायचं. खाणीने काहींना रोजगार दिला आहे, रस्ते झाले आहेत, आणि ते नको असं म्हणणारा मी कोण? पण हो किंवा नाही म्हणायची जागा त्या गावातच असायला हवी, आणि नाही म्हटलं तर त्या नाहीला वजन असायला हवं. नाही म्हणणाऱ्यावर लगेच माओवाद्यांचा शिक्का बसणार असेल, तर बंदूक जंगलातून गेली तरी तिचं काम चालूच आहे.

मी आता त्या भागातल्या कुठल्याही गावाबद्दल लिहिताना आधी एवढं तपासतो: या गावाने वरच्या कुठल्या निर्णयाला कधी नकार दिला आहे का, तो नकार टिकला का, आणि नकार देणारा माणूस आज कुठे आहे. नाव छापायच्या आधी विचारतो, आणि छापून झाल्यावर पुन्हा जातो. वनहक्काच्या कोणत्या दाव्यावर किती काळ सही झालेली नाही, हे मी चकमकीच्या बातमीइतक्याच ठळकपणे छापायचा आग्रह धरतो. संपादक म्हणतात, ही काय बातमी आहे का? मी म्हणतो, हीच बातमी आहे. पुढच्या पिढीतला कुणी तरुण पुन्हा बंदुकीकडे जाणार की ग्रामसभेत येऊन बसणार, हे त्या न झालेल्या सहीवर ठरतं, आणि ती सही करणं पूर्णपणे सरकारच्या हातात आहे.